पोराला कोण घेईल?

(गांवच्या शाळेच्या ओट्यावर भरलेल्या आईबापांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आम्ही कांहीं मोठे वक्ते नव्हेत. पोरांपुढें उभें राहून फळ्यावर लिहिण्याची आमची संवय. मोठ्या माणसांपुढें बोलावयाचें म्हटलें म्हणजे जीभ अडखळते. तरी आज उभे राहिलों याचें कारण असें कीं, आमच्यावर एका बाईचें देणें आहे. तिनें आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि आम्ही उत्तर न देतां, मान खालीं घालून तिच्या दारांतून परत आलों. तें उत्तर आज चारचौघांच्या साक्षीनें द्यावयाचें आहे.

हकीकत अशी. आमच्या पांचवीच्या वर्गांतील एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेंत येईनाशी झाली. मुलगी हुशार, पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखें. आठ दिवस वाट पाहिली आणि एके दिवशीं शाळा सुटल्यावर तिच्या घरीं गेलों. घर सणगराचें. ओसरीवर तिची आई चरख्यावर लोकर कातीत होती, शेजारीं पिंजलेल्या लोकरीचा ढीग होता, आणि आमची विद्यार्थिनी दहा महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन अंगणांत येरझारा घालीत होती. आम्ही नेहमींप्रमाणें उपदेश सुरू केला. मुलीचें शिक्षण किती मोलाचें, एक मुलगी शिकली तर घर कसें सुधारतें, वगैरे वगैरे. ती माउली निमूटपणें ऐकत होती. चरखा मात्र थांबला नाहीं. आमचें पुराण संपल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, तुमी म्हनता त्ये समदं खरं हाय. पोरीला उद्यापास्नं साळंत धाडते. पन मग ह्या पोराला कोन घेईल? तुमी घेता?"

बंधुभगिनींनो, वीस वर्षें मास्तरकी केली. ट्रेनिंग कॉलेजांत पाठ कसा घ्यावा, मुलाचें मन कसें ओळखावें, हें सारें शिकलों. पण या प्रश्नाचें उत्तर आम्हांस कोणीं शिकविलेलें नव्हतें. आम्ही पायांत चपला घातल्या आणि चालते झालों.

हा प्रश्न त्या एकट्या बाईचा नाहीं. हातीं हुन्नर आणि पदरीं तान्हें पोर असलेल्या प्रत्येक बाईचा आहे. कोणी गोधडी शिवते, कोणी लोकर कातते, कोणी कांड्या भरते, कोणी माती मळते, कोणी कामट्या सोलून सुपें-टोपल्या विणते. पोर झालें म्हणून पोट थांबत नाहीं. उलट एक तोंड वाढलेलें असतें. शिवाय हुन्नर म्हणजे नुसतें पोट नव्हे. ज्या हाताला एकदां कसब आलें, त्या हाताला तें काम सुटल्यावर चैन पडत नाहीं. बाळंतपणानंतर कांहीं महिन्यांनीं अर्धी राहिलेली वाकळ जी बाई पेटींतून बाहेर काढते, तिचा चेहरा पाहा. माहेरचें माणूस भेटल्यासारखा तो दिसतो. तेव्हां हा प्रश्न पैशाचा आहे, तसाच मनाचाहि आहे.

यावर शहाणे लोक काय सांगतात? "वेळ काढावा." अहो, वेळ म्हणजे काय विहिरींतलें पाणी आहे, कीं पोहरा सोडला आणि वर ओढलें? दिवसाचे तास चोवीस; राजाला तितकेच आणि रयतेला तितकेच. बाईनें हातकामाला एक तास काढावयाचा म्हणजे तो कोणाच्या तरी वांट्याचा काढावा लागतो. ती आपल्या झोंपेंतून काढील, नाहीं तर पोराच्या वांट्याचा काढील, नाहीं तर थोरल्या मुलीच्या शाळेंतून काढील. चौथी जागा एकच उरते, आणि ती म्हणजे घरांतल्या पुरुषाचा वेळ. पण तेथें हात घालण्याची आपल्याकडे चाल नाहीं.

हें आम्ही मनचें सांगत नाहीं. माणसें दिवसाचा वेळ कशांत घालवितात याची पाहणी सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं साऱ्या देशांत केली. तींत असें दिसलें कीं, घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे जवळजवळ पांच तास, बिनमोल घरकामांत घालविते. आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटें. 'हात लावणारा' हे शब्द नीट ऐका; कारण शंभर पुरुषांत हात लावणारे सुमारें २६ च निघाले, आणि शंभर बायकांत ८१. लेकरांची आणि दुखणाइतांची उस्तवार याहून निराळी. तींतहि ती करणाऱ्या बाईचीं १३४ मिनिटें आणि पुरुषाचीं ७६. आतां या बाईला "वेळ काढ" म्हणून सांगणें म्हणजे उपाशी माणसाला उपासाचें पुण्य सांगण्यासारखें नव्हे काय?

आतां आमच्या घरचेंच सांगतों. दुसऱ्याच्या घरांत डोकावण्यापेक्षां तें बरें. आमची आईहि लोकर कातीत असे आणि वडील मागावर बसत. आमच्याहून आठ वर्षांनीं मोठी एक बहीण. आमचा जन्म झाला तेव्हां ती तिसरीच्या वर्गांत होती. आईला चरखा सोडतां येईना; चरखा थांबला कीं माग थांबे, आणि माग थांबला कीं चूल थांबे. म्हणून थोरलीला घरीं ठेविलें. "वरीसभर ऱ्हाऊं दे. पोरगं चालाय लागलं की मग जा साळंला," असें आई म्हणाली. आम्ही चालूं लागलों तोंवर पाठीवर दुसरा भाऊ झाला. तिसरीचें पुस्तक फडताळांतच राहिलें. पुढें आम्ही शाळेंत जाऊं लागलों, तेव्हां शाळेच्या दारापर्यंत आम्हांस सोडावयास तीच येई आणि दाराबाहेरूनच परत जाई.

आज लोक आम्हांस गुरुजी म्हणतात. महिन्याला पगार मिळतो, सभेंत खुर्ची मिळते. ती खुर्ची आमच्या बहिणीच्या कडेवर उभी आहे. पासबुकांतील ओळ वाचून घ्यावयास ती आमच्या मुलाला हांक मारते, तेव्हां आम्हांस मान वर करवत नाहीं. आईला आम्ही दोष देत नाहीं. तिच्यापुढें दुसरी वाटच कोणीं ठेविली नव्हती.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, कीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत तें सक्तीचें आणि मोफत केलें. २००९ सालीं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला. शाळेचें दार उघडण्याचें काम थोरांनीं केलें. पण त्या दारांत उभ्या असलेल्या मुलीच्या कडेवर जें पोर आहे, तें उतरवून कोण घेणार? तें काम नुसत्या कायद्यानें होणारें नाहीं.

पोर निजवून काम उरकण्याची युक्तीहि जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वीं मुंबईच्या गिरण्यांत ज्या आया कामावर जात, त्यांतील पुष्कळ जणी तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी देऊन खोलींत निजवीत. त्या आया निर्दय होत्या काय? मुळींच नाहीं. दिवसभराची पाळी, घरीं कोणी नाहीं, गिरणींत पाळणाघर नाहीं. मग बाईनें करावें काय? पुढें ओरड झाली, चौकशा झाल्या, कांहीं गिरण्यांनीं पाळणाघरें काढलीं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यास पाळणाघर लावून दिलें, आणि १९७६ सालीं तो आंकडा तिसांवर आणला. २००५ च्या रोजगार हमी कायद्यांतहि असें कलम होतें, कीं कामाच्या जागीं सहा वर्षांच्या आंतलीं पांच किंवा अधिक मुलें आलीं तर त्यांस सांभाळण्यास एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी. कारखान्यांतल्या आणि खडी फोडणाऱ्या बाईसाठीं कागदावर तरी इतकें झालें. पण ओसरीवर बसून कातणाऱ्या बाईचें काय? तिच्यासाठीं कायदा नाहीं, कलम नाहीं, कारण ती "घरींच तर असते!"

आजची बाळगोळी निराळी आहे. ती चाटवावी लागत नाहीं. पोराच्या हातांत दिली कीं झालें. मोबाइल हीच ती गोळी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं बजावलें, कीं दोन वर्षें पुरीं होईपर्यंत मुलाला पडदा नकोच, आणि पुढें चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून अधिक नको. आम्ही हें आयांस रागें भरण्यासाठीं सांगत नाहीं. अफूच्या गोळीला जशी आई एकटी जबाबदार नव्हती, तशी या गोळीलाहि नाहीं. ज्या घरांत पोर घेणारा हात नसतो, त्या घरांत गोळी शिरते, एवढेंच आमचें म्हणणें.

असो. नुसतें रडगाणें गाण्यास आम्ही उभे राहिलों नाहीं. आतां करावयाचें काय तें सांगतों.

पहिली गोष्ट. हातकामाचे दोन भाग करावे. तुटणारें काम आणि न तुटणारें काम. पोर रडलें कीं जें जेथल्या तेथें टाकून उठतां येतें, आणि परत बसल्यावर त्याच जागेपासून धरतां येतें, तें तुटणारें काम. कातणें, कांड्या भरणें, गोधडीचे टाके, हीं तसलीं कामें. मध्येंच सोडलें तर माल बिघडतो, तें न तुटणारें. ताण्याला खळ लावणें पाहा. चिंचोके कुटून, शिजवून खळ केली, सकाळच्या उन्हांत ताणा पसरला, कुंचा फिरवूं लागलें. आणि पोर रडलें म्हणून अर्ध्यावर उठलें, तर अर्धें सूत एकमेकांस चिकटून वाळतें आणि सारी मेहनत फुकट जाते. कुंभाराचा आवा पेटला म्हणजे तो कोणाच्या पोरासाठीं थांबत नाहीं. बुरुडाच्या ओल्या कामट्या वाळल्या कीं वांकण्याऐवजीं मोडतात. तेव्हां तुटणारें काम आईनें पोराजवळ बसून करावें. आणि न तुटणाऱ्या कामाचा दिवस आधींच ठरवून, त्या दिवशीं पोर दुसऱ्या कोणाकडे द्यावें.

हें दिसावयास साधें आहे, पण पुष्कळ घरांत उलट चालतें. न तुटणाऱ्या कामाला बाई पोरासह जुंपलेली असते, आणि पोर निजलें कीं तिच्यापुढें भांडीं ठेवितात. बायांनो, पोराची झोंप हा घरांतला सर्वांत मोलाचा तास. तो भांड्यांवर घालवूं नका. भांडीं दुसऱ्याच्या हातानेंहि निघतात. तुमच्या हातचा टाका दुसऱ्याला येत नाहीं.

दुसरी गोष्ट पोराच्या वयाची. पहिले तीन-चार महिने पोर बरेंच निजतें. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून कातणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. पण त्याच महिन्यांत आईचें अंग भरून यावयाचें असतें. तेव्हां घाई करूं नये आणि घरच्यांनीं ती लावूंहि नये. पोर रांगूं लागल्यापासून दोन वर्षांचें होईपर्यंतचा काळ सर्वांत कठीण. या काळांत हातकाम निम्म्यावर येणारच. त्यांत आळस नाहीं आणि अपराधहि नाहीं. सासवांनीं हें वाक्य दोनदां ऐकावें. दोन वर्षांपुढें मूल जवळ बसून खेळतें. त्याला लोकरीचा पुंजका द्या, मातीचा गोळा द्या, चिंध्यांचें गांठोडें द्या. हुन्नर कोणी पोटांतून घेऊन येत नाहीं. आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्यानें तो येतो. तीन वर्षें झालीं कीं अंगणवाडी आहे; ही योजना १९७५ सालीं सुरू झाली. पण अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांस कांहीं तास बसविते. तिनाच्या आंतल्या पोराचें वजन करते, त्याला आहार देते, पण त्याला दिवसभर सांभाळीत नाहीं. म्हणजे नेमका जो काळ कठीण, तोच उघडा!

तिसरी गोष्ट जपणुकीची. सुई मोजून काढावी आणि मोजून ठेवावी. चिंचोके, मणी, गुंड्या रांगत्या पोराच्या हातीं लागूं देऊं नयेत. घशांत अडकलें म्हणजे दवाखाना लांब असतो. मागाचा खड्डा काम नसेल तेव्हां फळीनें झांकावा. कढत खळीचें पातेलें जमिनीवर उतरून ठेवूं नये. लोकर पिंजतांना उडणारी धूळ पोराच्या नाकांत जाऊं नये, म्हणून त्या वेळीं पोर निराळ्या खोलींत असावें. यांत नवें कांहीं नाहीं. पण दमलेल्या माणसाच्या हातून नेमकें जुनेंच विसरलें जातें.

चौथी गोष्ट पुरुषांसाठीं. येथें बरीच मंडळी तंबाखू मळण्याच्या निमित्तानें उठतील असें दिसतें. बसा. आम्ही आधीं आमचेच वाभाडे काढतों.

आमच्या मंडळींना वाकळ शिवण्याचा नाद. आमचा मुलगा लहान असतांना त्या रात्रीं अकरा वाजतां, सारें आवरल्यावर, दिव्याखालीं बसून टाके घालीत. आम्ही वर्तमानपत्र वाचीत असूं, आणि वर शहाणपणानें म्हणत असूं, "एवढें काय अडलें आहे? डोळे जातील." एके रात्रीं पोर रडूं लागलें. वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां आम्ही म्हणालों, "अहो, पोर रडतंय." त्यांनीं सुई वाकळींत खोंचली, उठल्या, आमच्या हातांतलें वर्तमानपत्र काढून घेतलें आणि त्या जागीं पोर ठेविलें. एक शब्द बोलल्या नाहींत; परत जाऊन टाके घालूं लागल्या. आम्ही वाचीत होतों तो लेख स्त्रीशिक्षणावर होता कीं काय, हें आतां आठवत नाहीं. असता तर आणखीच शोभलें असतें. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

पहिले आठ दिवस आम्हांस पोराची लंगोटी धड बांधतां येईना. चावडीवर "गुरुजी बायकोचा बैल झाले" म्हणून हंशा पिकला. हंशा पंधरा दिवस टिकला. पोर मात्र जन्मभराचें आमचें झालें. शाळेंत जाण्यापूर्वींचा एक तास आणि दिवेलागणीनंतरचा एक तास पोर आमच्याकडे, आणि त्या दोन तासांत मंडळींनीं घरकामाला हात लावावयाचा नाहीं, हातकामच करावयाचें, असा आमच्या घरांत ठराव झाला. ती वाकळ त्या उन्हाळ्यांत पुरी झाली. अजून आम्ही ती पांघरतों.

शेतकरी बंधूंनो, दोन बैलांचा नांगर एकाच बैलाच्या मानेवर देऊन दुसऱ्याला गोठ्यांत रवंथ करीत ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? मग संसाराच्या नांगराला हाच न्याय कां लावीत नाहीं? बायकोचा बैल म्हणून हंसणाऱ्यांस आमचें एवढेंच सांगणें, कीं बैल होणें वाईट नाहीं. जुवाखालीं मान न देणारा बैल होणें वाईट.

पांचवी गोष्ट सावडीची. ज्या घरांत म्हातारें माणूस नाहीं, ज्या घरचा धनी ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेला आहे, त्या घरांत कोणाचा तास काढावा? त्यासाठीं आपल्या बापजाद्यांनीं रीत घालून दिलेली आहे. तुमच्याजवळ एक बैल, आमच्याजवळ एक बैल. दोन्ही मिळून दोघांचें शेत पेरलें जातें. पेरणीला सावड होते, खुरपणीला सावड होते. मग पोरांची सावड कां होऊं नये?

जवळजवळचीं पांच घरें घ्या. आठवड्याचे कोणतेहि पांच दिवस वांटून घ्या. ज्या दिवशीं ज्या घराची पाळी, त्या दिवशीं सकाळचे तीन तास पांचहि घरचीं पोरें त्या घरांत. एक दिवस तुम्ही सांभाळलें, कीं चार दिवस तीन-तीन तास तुमचे हात मोकळे. आठवड्याचे बारा तास झाले. खळीचा दिवस, आव्याचा दिवस या तासांत बसवितां येतो. मात्र अटी चार. एक, शाळेच्या वयाच्या मुलीला पाळीवर बसवावयाचें नाहीं. दोन, पाळी घराची आहे, बाईची नव्हे. बाईला अडचण असेल तर घरच्या पुरुषानें बसावें. तीन, रांगतीं पोरें दोनांहून अधिक असतील तर माणसें दोन बसावीं, आणि आजारी पोर आणूं नये. चार, जात विचारावयाची नाहीं. सणगराचें, कुंभाराचें, बुरुडाचें, महार-मांगाचें पोर एका चटईवर लोळेल. पोराची पाटी कोरी असते. तिच्यावर तो डाग आपण कशाला पाडावा?

सरकारकडेहि मागावें, मागितल्याशिवाय आई जेवूं घालीत नाहीं. केंद्र सरकारनें २०२२ सालीं 'पाळणा' नांवाची योजना काढली. तींत अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचें पाळणाघर काढण्याची तरतूद केली. शेजारच्या कर्नाटकांत २०२३ पासून ग्रामपंचायतींमार्फत 'कूसिन मने', म्हणजे बाळाचें घर, या नांवानें पाळणाघरें निघालीं. पलीकडे होतें तें अलीकडे कां होऊं नये? आणि ही कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीला बालवाडीचें काम आरंभिलें आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा यांची एकत्र सांगड घातली. कारण धाकट्याला कोणी घेतल्याशिवाय थोरलें शाळेंत येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. येत्या ग्रामसभेंत हा ठराव आम्ही मांडणार आहोंत. हात वर करण्यास तरी या.

शेवटची गोष्ट हिशेबाची. घोंगडें बाजारांत नेतो पुरुष, पैसे घेतो पुरुष, आणि कोणीं विचारलें तर म्हणतो, "मी विणतों, ही आपली बसल्या बसल्या कातते." बसल्या बसल्या! घोंगड्यांत ताण्याचें सूत तिचें आणि बाण्याचेंहि तिचेंच. तें काढून घेतलें तर तुमच्या मागावर काय उरेल? नुसती फणी आणि वारा. २०१९-२० च्या देशाच्या हातमाग गणनेंत हातमागावर आणि त्याच्या जोडकामांवर राबणाऱ्या दर दहा माणसांत सातांहून अधिक बायका निघाल्या. तेव्हां घरांत एक वही ठेवा. तींत विणण्याचे तास मांडा, तसे कातण्याचे, कांड्यांचे, माती मळण्याचे तासहि मांडा, आणि विक्रीचा पैसा आला कीं त्या मानानें बाईच्या हातीं द्या. जोंवर तिच्या कामाला घरांत मोल नाहीं, तोंवर त्या कामासाठीं पोर घेणें हा उपकार वाटणार. मोल मांडलें कीं उपकार जातो आणि व्यवहार राहतो.

आतां त्या माउलीच्या प्रश्नाचें उत्तर. ती तेथें खांबाजवळ बसली आहे. पोर मांडीवर आहे आणि पोरगी शेजारीं आहे. बाई, तुम्हीं विचारलेंत, ह्या पोराला कोण घेईल, तुम्ही घेतां? त्या दिवशीं आम्ही गप्प बसलों. आज सांगतों, होय, घेतों. सावडींत एक घर आमचें. आमची पाळी रविवारची. पोरें आमच्या ओसरीवर आणून सोडा. घरीं मंडळी असतील, आणि आम्ही तर असूंच. लंगोटी बांधावयास आम्ही शिकलों आहों. तुमच्या मुलीची वर्गांतली जागा आम्हीं कोणाला दिलेली नाहीं. उद्यां सकाळीं ती तेथें बसलेली दिसावी.

पांच घरांपैकीं एक झालें. चार पाहिजेत. ओट्यावर ही वही ठेविली आहे. ज्यांना सावडींत यावयाचें त्यांनीं तींत नांव घालावें. पहिलें नांव आमच्या अक्कानें, आमच्या त्याच थोरल्या बहिणीनें, सकाळींच लिहून ठेविलें आहे. अक्षर वांकडें आहे, पण वाचतां येतें. तिला आम्ही म्हणालों, "अक्का, तूं जन्मभर पोरें वागविलींस, आतां पुरे कर." ती म्हणाली, "तवा कुणी इचारलं नव्हतं. आता मी माझ्या मनानं येतीया."

एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों. वही येथेंच आहे.